लहान मुलाचं ऑपरेशन आणि उपाशी ठेवणं: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न

मी भूलतज्ज्ञ आहे आणि माझा बहुतेक वेळ लहान मुलांना भूल देण्यात जातो. ऑपरेशनच्या आदल्या रात्री आईबाबांचे जे मेसेज येतात त्यातले निम्म्याहून जास्त खाण्यापिण्याबद्दल असतात, आणि तेही रात्री ११ नंतर, कारण तेव्हाच मूल दूध मागतं. तेच तेच प्रश्न गोळा करून इथे लिहिलेत. एक आधीच सांगते, तुमच्या मुलाला जे भूलतज्ज्ञ बघणार आहेत त्यांनी वेगळी वेळ दिली असेल तर तीच पाळा, त्यांना तुमच्या मुलाबद्दल माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. पण त्यांना काय विचारायचं हे इथून कळेल.

१. मुळात उपाशी ठेवायचंच कशाला? एवढंसं तर ऑपरेशन आहे.

ऑपरेशन एवढंसं असलं तरी भूल पूर्ण असते. आपण जागे असताना पाणी चुकीच्या नळीत गेलं की लगेच ठसका लागतो, तो ठसकाच आपल्याला वाचवतो. भूल दिली की तो ठसका बंद होतो आणि जठराच्या तोंडाशी जी झडप असते ती पण सैल पडते. मग पोटात जे असेल ते वर येऊन श्वासनळीत उतरू शकतं. अन्नाचा तुकडा असेल तर श्वास अडकतो आणि नुसतं आंबट पाणी असलं तरी ते ॲसिडच, फुफ्फुसं भाजून निघतात. हे क्वचित होतं, दहा हजार मुलांत साधारण १ ते १० जणांना, आणि त्यातलीही बहुतेक बरी होतात. पण क्वचित होतं याचं एक मोठं कारण म्हणजे आपण पोट रिकामं ठेवतो.

२. नक्की किती तास? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

६-४-२ एवढं लक्षात ठेवा. जेवण, बिस्किट, गाईम्हशीचं दूध, डब्याचं दूध, सगळं ६ तास आधी बंद. आईचं अंगावरचं दूध ४ तास आधी बंद. पाणी २ तास आधी बंद. तळलेलं, तुपातलं, मटण-चिकन असं जड काही असेल तर ८ तास धरा, म्हणजे आदल्या रात्री उशिरा बिर्याणी नको. तास भूल द्यायच्या वेळेपासून उलटे मोजायचे, हॉस्पिटलात पोचायच्या वेळेपासून नाही. उदाहरणं प्रश्न ७ मध्ये आहेत.

३. उपाशी म्हणजे उपवासासारखं ना? मग दूध, केळं चालेल?

नाही! हा प्रश्न मी सगळ्यात मनापासून लिहितेय, कारण यात चूक आईबाबांची नसते, शब्दाची असते. सिस्टर सांगतात "उद्या उपाशी आणा", आणि आपल्याकडे उपाशी राहायचं म्हटलं की दूध, केळं, साबुदाणा, राजगिऱ्याचा लाडू हे सगळं चालतंच. एकदा एका चार वर्षांच्या मुलीची आजी मला अगदी विश्वासाने म्हणाली, "काही दिलं नाही हो डॉक्टर, सकाळी फक्त कपभर दूध आणि अर्धं केळं, उपवासाचंच." ऑपरेशन दुपारवर गेलं आणि आजीला इतकं वाईट वाटलं की ती माझ्याशी नंतर बोललीच नाही. चूक आमची होती, आम्ही सांगताना अर्धंच सांगितलं. त्यामुळे आता मी उपाशी हा शब्दच वापरत नाही, मी म्हणते "पोट रिकामं हवं, दूधसुद्धा जेवणच धरा". फाइलवर एनबीएम लिहिलेलं दिसेल, त्याचा अर्थ तोंडाने काहीच नाही. पण ते कुठल्या वेळेपासून हे विचारून घ्या, कारण पाण्याची वेळ वेगळी असते.

४. आम्हाला "रात्री १२ नंतर पाणी पण नाही" सांगितलंय, तुम्ही म्हणता २ तास आधीपर्यंत पाणी चालतं. कुणाचं ऐकू?

आधी त्यांना फोन करून विचारा, "ऑपरेशन ११ ला आहे, ९ पर्यंत पाणी दिलं तर चालेल का?" बहुतेक वेळा उत्तर हो येतं, कारण रात्री १२ चा निरोप सगळ्यांना एकच देणं सोपं पडतं म्हणून तसा दिला जातो.

हा १२ चा नियम आला कुठून ते पण सांगते. १९४६ साली न्यूयॉर्कच्या कर्टिस मेंडेल्सन या डॉक्टरांनी ४४,०१६ बाळंतिणींच्या नोंदी तपासल्या, त्यात ६६ जणींच्या पोटातलं भुलेखाली फुफ्फुसात गेलं होतं. त्या काळी तोंडावर मास्क धरून भूल द्यायचे, श्वासनळीत नळी नसायची. त्यानंतर जगभर सगळ्यांसाठी मध्यरात्रीपासून सगळं बंद अशी रीतच पडली, मग ती बाळंतीण असो नाहीतर हर्नियाचं दोन वर्षांचं पोर. खरं तर त्याच्याही कितीतरी आधी, १८८३ मध्ये, ब्रिटनचे सर्जन जोसेफ लिस्टर यांनी लिहून ठेवलं होतं की क्लोरोफॉर्म (त्या काळचं भुलेचं औषध) देताना पोटात घन काही नको, पण दोन तास आधी कपभर चहा दिलेला चांगला. म्हणजे घन आणि पातळ यातला फरक तेव्हाही माहीत होता, मधे आपण तो विसरलो.

आता मोजून कळलंय की निरोगी मुलाच्या पोटातून निम्मं पाणी १५-२० मिनिटांतच पुढे सरकतं. म्हणून ब्रिटन, फ्रान्स आणि युरोपच्या लहान मुलांच्या भूलतज्ज्ञांनी २०१८ मध्ये पाण्यासाठी १ तास पुरे असं एकत्र जाहीर केलं. स्वीडनमधल्या उप्सालाच्या हॉस्पिटलात तर मुलांना ऑपरेशन थिएटरात बोलवेपर्यंत पाणी देतात, तिथल्या दहा हजारांवर मुलांचा हिशोब २०१५ मध्ये छापून आला, त्यात तीनच मुलांच्या फुफ्फुसात पोटातलं गेलं होतं. अमेरिकेत आणि आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी अजून २ तासच पाळतात, मीही २ च सांगते. पण २ म्हणजे २, आठ नाही.

जास्त उपाशी म्हणजे जास्त सेफ हा समज डोक्यातून काढा. तान्ह्या बाळाची साखर उतरते, मूल सुकतं, भूल दिल्यावर बीपी पडतं, सलाईनसाठी शीर सापडत नाही आणि त्या लेकराला चारदा टोचावं लागतं. मी हे हाताने अनुभवलंय, पाणी पिऊन आलेल्या मुलाच्या हातावर शीर दिसते, आणि १२ तास कोरड्या राहिलेल्याच्या हातावर नुसतं चाचपत बसावं लागतं.

५. पाणी म्हणजे फक्त पाणी? शहाळं, ज्यूस, पेज, वरणाचं पाणी?

ग्लासातून पलीकडचं पेपरातलं वाचता आलं पाहिजे, असं पारदर्शक असेल तर ते पाण्याच्या गटात. साधं पाणी, साखरपाणी, ग्लुकोजचं पाणी, ओआरएस, गाळलेला पारदर्शक सफरचंदाचा ज्यूस चालतो. शहाळ्याचं पाणी मलई अजिबात नसेल आणि गाळलेलं असेल तर बहुतेक ठिकाणी चालतं, तरी विचारून द्या. भाताची पेज, वरणाचं पाणी, नाचणीचं सत्त्व, ताक, दुधाचा चहा, आंब्याचा-संत्र्याचा रस हे सगळं पातळ दिसलं तरी जेवणाच्या गटात, ६ तास. पेजेबद्दल आज्या खूप वाद घालतात, "पाणीच तर आहे" म्हणतात, पण त्यात भाताचं पीठ उतरलेलं असतं.

६. बाळ फक्त अंगावर पितं. आईचं दूध वेगळं का धरतात? आणि डब्याचं?

गाईच्या दुधात केसीन नावाचं प्रथिन जास्त, ते पोटातल्या ॲसिडमध्ये गेलं की लिंबू पिळल्यावर दूध फाटतं तसं फाटून घट्ट गोळे होतात आणि ते गोळे निघायला वेळ लागतो. आईच्या दुधात केसीन कमी, त्याचे कण मऊ आणि बारीक असतात म्हणून लवकर पुढे जातं. म्हणून त्याला ४ तास आणि बाकीच्या दुधाला ६. युरोपच्या २०२२ च्या नियमांत आईच्या दुधाला ३ आणि डब्याच्या दुधाला ४ तासच सांगितलेत, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकांनी वेगळा आकडा सांगितला तर गोंधळू नका, तुमच्या डॉक्टरांचा आकडा पाळा. आईचं दूध काढून बाटलीने दिलं तरी ते आईचंच, पण त्यात पावडर किंवा वरचं दूध मिसळलं की ६ तास. आणि आईने स्वतः उपाशी राहायची काहीही गरज नाही! दर महिन्याला एक तरी आई बाळाबरोबर निर्जळी राहून आलेली भेटते. तुम्ही जेवा, पाणी प्या, ऑपरेशननंतर बाळाला तुमचंच दूध लागणार आहे.

७. वेळ मोजून दाखवा ना, डोकं चालत नाही आदल्या दिवशी.

सकाळी ८ चं ऑपरेशन: रात्रीचं जेवण नेहमीच्या वेळी, पोटभर पण साधं. रात्री दूध पिऊन झोपायची सवय असेल तर ते २ च्या आत. अंगावरचं बाळ असेल तर गजर लावून पहाटे साडेतीनला उठवून पाजा, म्हणजे ४ पर्यंत आटोपतं. ६ च्या आधी थोडं साखरपाणी. झोपलेल्याला कशाला उठवू असं वाटतं, पण तान्ह्याला उठवाच, दोन-तीन वर्षांच्या मुलालाही पाण्यासाठी उठवलं तर सकाळ बरीच सोपी जाते.

दुपारी १ चं ऑपरेशन: सकाळी ७ च्या आत हलका नाश्ता, म्हणजे इडली, साधा टोस्ट, बिनतुपाची मऊ खिचडी. शेंगदाणे घातलेले तेलकट पोहे, वडा, पराठा नको. मग ११ पर्यंत पाणी. दुपारच्या मुलांना रात्रीपासून उपाशी ठेवतात ते मला अजिबात पटत नाही.

८. आणि लिस्ट पुढे गेली तर? आम्ही तीन तास नुसते बसून होतो.

हे होतं. आधीची केस लांबते, मधेच इमर्जन्सी येते. पण तुम्ही गप्प बसू नका. माझ्या भाच्याचं हर्नियाचं ऑपरेशन दुसऱ्या एका हॉस्पिटलात होतं, सकाळी ९ ची वेळ, आत घेतलं दुपारी २ ला. रात्री ९ नंतर त्याच्या पोटात काही नव्हतं. मी पोचले तेव्हा त्याचे ओठ एकमेकांना चिकटत होते, रडत होता पण डोळ्यांतून पाणी येत नव्हतं, आणि माझी बहीण, सगळं माहीत असलेल्या माणसाची बहीण, सिस्टरला विचारायला घाबरत होती. तेव्हापासून मी प्रत्येकाला हे वाक्य पाठ करून देते: "सिस्टर, आमचा नंबर किती वाजता आहे, आणि तोपर्यंत पाणी देऊ का, भूलतज्ज्ञांना विचारता का?" हे विचारणं उद्धटपणा नाही. दोन तासांहून जास्त वेळ असेल तर पाणी देता येतं, नाहीतर ग्लुकोजचं सलाईन लावता येतं. फक्त स्वतःच्या मनाने देऊ नका.

९. निघताना हातावर दही-साखर, देवाचं तीर्थ, प्रसाद? बाळाला घुटी?

मला कळतं, लेकराला ऑपरेशनला नेताना घरातल्यांचा जीव कसा होतो ते. पण दही-साखर म्हणजे दूधच, पेढा तर नक्कीच, पंचामृतात दूध-दही-मध-तूप सगळंच आलं. हे सगळं ६ तासांच्या गटात. नुसतं पाण्याचं तीर्थ असेल तर २ तासांच्या आधी चमचाभर चालेल, तुळशीचं पान न गिळता. दही-साखर आईच्या नाहीतर बाबांच्या हातावर घाला, अंगारा कपाळाला लावा, प्रसाद बांधून घ्या आणि ऑपरेशननंतर द्या. घुटी, मधाचं बोट, ग्राइप वॉटर त्या दिवशी पूर्ण बंद. आणि मध तर एक वर्षाच्या आतल्या बाळाला एरवीही द्यायचा नसतो.

१०. ब्रश करायचा का? च्युइंगम, चॉकलेट?

ब्रश जरूर करा, चूळ भरून थुंकायला लावा, पेस्ट गिळू देऊ नका. च्युइंगम चघळत आलं तर थुंकून टाकायला सांगा आणि आम्हाला सांगा, सहसा ऑपरेशन थांबत नाही, पण गिळलं असेल तर जेवण धरतो. चॉकलेट म्हणजे जेवण.

११. रोजची औषधं चालू आहेत, ती पण बंद?

फिटची औषधं बंद करू नका, चुकवली तर त्याच दिवशी फिट यायची भीती असते. दम्याचा पंप नेहमीसारखा द्या आणि पिशवीत घेऊन या. थायरॉइडची गोळी घोटभर पाण्याबरोबर चालते. औषध दुधातून द्यायची सवय असेल तर त्या दिवशी पाण्यातून. इन्सुलिन मात्र वेगळं प्रकरण, प्रश्न १६ बघा. आयुर्वेदिक, होमिओपॅथीचं काही चालू असेल तर तेही सांगा, लपवण्यासारखं त्यात काही नाही.

१२. मूल दूध मागून आकांत करतं, बघवत नाही. काय करू?

सगळ्यात आधी वेळ संपायच्या आत मिळेल तेवढं द्या, प्रश्न ७ प्रमाणे, मग मधला वेळच कमी उरतो. अंगावरचं बाळ आईच्या वासाने जास्त मागतं, तेव्हा शेवटचे दोन तास बाबांकडे, मावशीकडे द्या. मोठ्या मुलाला खरं सांगा, "उठल्यावर आधी पाणी, मग तुला काय हवं ते". भावंडांना त्याच्यासमोर खायला देऊ नका. आणि त्याचे खिसे, दप्तर, गाडीची सीट तपासा. वॉर्डातही लक्ष ठेवा, शेजारच्या कॉटवरची आजी मायेने बिस्किट पुढे करते, तिला काय माहीत? फ्रॉकला किंवा शर्टला "मला खायला देऊ नका" अशी चिठ्ठी लावलेली मी पाहिलीय, आणि तिचा उपयोग होतो.

१३. चुकून खाल्लंच. आता सांगितलं तर ऑपरेशन रद्द करतील, नाही सांगितलं तर?

सांगा. अर्धं बिस्किट असलं तरी सांगा, किती वाजता, काय, किती. कोणी ओरडणार नाही, आणि ओरडलंच तर ओरडू दे. बहुतेक वेळा रद्द होत नाही, नंबर काही तास मागे जातो. काही ठिकाणी सोनोग्राफीने पोट भरलंय का तेही बघतात. सांगितलं की आम्ही तयारीत असतो. पाच वर्षांचा एक मुलगा टेबलावर झोपल्यावर मला हळूच म्हणाला, "मी दादाचे कुरकुरे खाल्ले, आईला सांगू नका." आम्ही थांबलो, त्याचं ऑपरेशन संध्याकाळी झालं, ठणठणीत घरी गेला. तेव्हापासून मी मुलांनाही विचारते, आईबाबांना थोडं बाजूला करून.

१४. फक्त एमआरआय आहे, ऑपरेशन नाही. दातांच्या डॉक्टरांनी पण उपाशी बोलावलंय.

झोपेचं औषध देणार असतील तर नियम तेच, ६-४-२. एमआरआयच्या मशीनमध्ये मूल आत असतं आणि आम्ही जरा लांब, म्हणून तिथे उलट जास्त काळजी. नुसतं जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देऊन दात काढणार किंवा टाके घालणार असतील आणि झोपवणार नसतील, तर सहसा उपाशी लागत नाही, पण मुलाने ऐकलं नाही तर झोपवायचा बेत आहे का ते आधीच विचारा.

१५. आत्ताच जेवला आणि झाडावरून पडून हात मोडला. सहा तास थांबणार?

इथे घड्याळ तितकंसं उपयोगी नाही. दुखायला लागलं, घाबरलं की पोटाचं काम मंदावतं, जेवण तासन् तास तसंच पडून राहतं. म्हणून आम्ही विचारतो, जेवल्यानंतर किती वेळाने पडला? जेवून लगेच पडला असेल तर आठ तासांनीही पोट भरलेलंच धरतो. हाताला रक्तपुरवठा नीट असेल तर हाडवैद्यकाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून थांबायचं का ठरवतात. पण बोटं थंड, पांढरी पडली असतील, अंडकोषातल्या गोटीला पीळ बसला असेल (तिथे पहिले सहाएक तासच मोलाचे), रक्त जात असेल, तर थांबत नाही. भरल्या पोटाची भूल वेगळ्या पद्धतीने, झटपट, श्वासनळीत नळी घालून देतात. तुम्ही एवढंच करा: पडल्यापासून तोंडाने काही देऊ नका, घाबरलाय म्हणून चहा-पाणी नको, आणि दवाखान्यात पोचायला उशीर करू नका. "आधी सहा तास होऊ देत मग नेऊ" असं घरी बसून तर मुळीच नाही.

१६. आमच्या मुलाला सिकलसेल / शुगर / हृदयाचा त्रास आहे, तेच नियम?

तास तेच, पण कोरडं राहणं या मुलांना जास्त महागात पडतं, म्हणून तारीख ठरतानाच सांगा, आदल्या रात्री नाही. सिकलसेल, म्हणजे विदर्भात, नंदुरबारकडे घराघरात माहीत असलेला आजार, त्यात अंगातलं पाणी कमी झालं की पेशी अडकून दुखण्याचा झटका येऊ शकतो. या मुलांना २ तास आधीपर्यंत पाणी मिळालंच पाहिजे, नाहीतर सलाईन. हृदयाच्या जन्मजात दोषामुळे निळसर पडणाऱ्या मुलांचं रक्त दाट असतं, त्यांचंही तसंच. इन्सुलिनवरच्या मुलाचा नंबर सकाळी पहिला मागून घ्या, डोस किती कमी करायचा ते शुगरचे डॉक्टर लिहून देतील, आणि साखर उतरली तर काय करायचं तेही तेव्हाच विचारून ठेवा. साखर उतरल्याची लक्षणं दिसली, घाम, थरथर, सुस्ती, तर ऑपरेशनचा विचार न करता आधी साखर द्या आणि मग फोन करा. नाकातल्या किंवा पोटातल्या नळीने दूध देत असाल तर तेही जेवणच, ६ तास. खूप उलट्या होणारं, पोट फुगलेलं मूल असेल तर तास पाळूनही पोट रिकामं नसतं, तसं आम्हाला सांगा.

१७. ऑपरेशननंतर खायला कधी?

नीट जागं झालं, ओळखायला लागलं की अंगावरचं बाळ लगेच घेता येतं, ते शांतही त्यानेच होतं. मोठ्यांना आधी दोन-चार घोट पाणी, टिकलं तर मऊ काहीतरी. पोटाचं, आतड्याचं ऑपरेशन असेल तर सर्जन सांगतील तेव्हाच. भूक नाही म्हणाला तर बळजबरी नको, बळेच पाजलं की उलटी होते, तिरळेपणाच्या आणि टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर तर जास्तच. एक-दोन उलट्या चालतात. सारख्या होत असतील, किंवा टॉन्सिलनंतर मूल झोपेत घटाघट गिळताना दिसलं, उलटीत लाल रक्त आलं, तर लगेच घेऊन या, रात्रीचे दोन वाजले असले तरी.